माळ्यावरचा डक्ट पावसातच का ठिबकतो

तक्तपोशीवर, म्हणजे कौलांखालच्या लाकडी छतावर, तपकिरी डाग उमटला की गोव्यात पहिला फोन कौलं परतणाऱ्याला जातो. तो येतो, पाखीवर चढतो, चार फुटकी कौलं बदलतो, कोनाचा गिलावा ठाकठीक करतो आणि उतरतो. आठवडाभरात डाग पुन्हा ओला. मग संशय पन्हळीवर, मग माकडांवर. ज्या घरात माळ्यावरून एसीचा डक्ट, म्हणजे गार हवा खोल्यांत नेणारा पत्र्याचा बोगदा, गेलाय, तिथे आधी डक्टखाली बघावं.

दोन्ही पाण्यांची चाल वेगळी असते. पावसाचं पाणी सरीबरोबर येतं, वाशावरून घरंगळतं, म्हणून डाग वेडावाकडा पडतो आणि सर ओसरली की तासा-दोन तासांत मंदावतो. डक्टचं पाणी एसी लावल्यावर तास-दीड तासाने सुरू होतं, बाहेर उघडीप असली तरी ठिबकत राहतं आणि डाग सरळ रेषेत, साधारण १.२ मीटर अंतराने पडतात. १.२ मीटर अशासाठी की जी.आय. (जस्ताचा लेप दिलेला) पत्रा आठ बाय चार फुटांचा येतो, डक्टचे तुकडे चार फुटांचे बनतात, आणि पाणी जमतं ते दोन तुकड्यांच्या जोडावर. फ्लॅंजचा, म्हणजे जोडावर बाहेर आलेल्या कडेचा, खालचा कोपरा टॉर्चने पाहा. इन्सुलेशनच्या, म्हणजे गारवा आत राखणाऱ्या वेष्टणाच्या, टोकाशी पाण्याची झालर असते, तिच्यातून एक थेंब लोंबतो, सुटतो, आणि पाच-सात सेकंदांत तिथेच दुसरा तयार होतो. कौल गळत असेल तर पाणी असं घड्याळ लावल्यासारखं पडत नाही.

माळा म्हणजे घराबाहेर

या कामातल्या निम्म्या चुका एकाच समजुतीतून येतात. डक्टवाल्याचा हात बसलेला असतो पणजी-पर्वरीच्या फ्लॅटमध्ये आणि ऑफिसांमध्ये. तिथे वर स्लॅब, खाली गार खोली, आणि मधल्या फॉल्स सीलिंगमध्ये जवळपास खोलीचीच हवा. तोच हिशेब तो कौलारू घराला लावतो. पण मंगळुरी कौल पाणी उतरवायला घडवलेलं आहे, हवा अडवायला नाही. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला, तेव्हापासून या कौलाच्या खाचा आणि ओठ पाहिले तर पाणी खाली जातं आणि वारा आत खेळतो. त्या वाऱ्यामुळेच वासे आणि तुळया पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. म्हणजे डक्टच्या दृष्टीने माळा हा घराचा भाग नव्हेच. वर छत्री धरलेलं अंगण समजा.

आता आकडे घेऊ, कारण इथे अंदाज फसवतो. मे महिन्यात दुपारी माळ्यावर ४२ अंश असतात, तेव्हा सगळ्यांना वाटतं की डक्टची कसोटी हीच. जुलैच्या रात्री तिथे २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असते. दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली गेलेल्या वस्तूवर हवेतलं पाणी बसतं ते तापमान, दोन्ही वेळी साधारण २६ अंश. मे महिन्यात हवा आणि दवबिंदू यांच्यात सोळा अंशांचं अंतर, जुलैत फक्त दोन. डक्टच्या आत १३ अंशांची हवा वाहते. बाहेरून १९ मिमीचं नायट्राइल रबर लावलं, तर मे महिन्यात त्याचा पृष्ठभाग ३५ अंशांच्या वरच राहतो, ठणठणीत कोरडा. जुलैच्या रात्री तोच पृष्ठभाग २५ अंशांच्या आसपास उतरतो. झालं, पाणी सुटलं. ३२ मिमी जाडी घेतली तर तो जेमतेम २६ ला टेकतो.

म्हणून कंत्राटदार "एकोणीस एमएम बस्स झालं" म्हणतो तेव्हा त्याचं म्हणणं फ्लॅटपुरतं खरं असतं. कौलाखाली ३२ मिमीपेक्षा कमी घेऊ नका. आणि ३२ घेतलं तरी रिमोटवर १८ लावून रात्रभर झोपायची मुभा मिळत नाही. डक्टमधली हवा १३ वरून १५ अंशांवर आली तरी पृष्ठभाग कोरडा राहायला हातभार लागतो.

चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल चढवलेलं इन्सुलेशन दिसायला झकास असतं आणि विकणारा ते "हीट रिफ्लेक्ट करतं" म्हणून देतो. मे महिन्यात तापलेल्या कौलाची धग ते थोडी परतवतं, हे खरं. पण भोवतालच्या वस्तूंकडून मिळणारी ऊबही ते घेत नाही, त्यामुळे पावसाळ्यात त्याचा पृष्ठभाग काळ्या रबरापेक्षा जवळजवळ एक अंश गार राहतो. जिथे सगळा खेळ दोन अंशांचा, तिथे एक अंश फार झाला. कौलाखाली काळं, फॉइल नसलेलं नायट्राइल किंवा वर काळं ग्लास-क्लॉथ असलेलं घ्यावं.

ठेवायचा की काढायचा

चढायच्या आधी एसीचा मेन बंद. डोक्याला दिवा, एन-९५ मास्क, हातमोजे. तक्तपोशीच्या फळीवर पाय देऊ नका. ती स्वतःचं वजन पेलते, तुमचं नाही. दोन तुळयांवर एक जाड फळी टाकून तिच्यावरून सरका. गांधीलमाश्यांचं पोळं आणि साप आहे का ते झडपेतूनच बघून घ्या. डक्टजवळ ऊब नसली तरी आडोसा असतो आणि पावसात सगळ्यांनाच कोरडी जागा हवी असते.

जुन्या डक्टवर बहुधा तीनपैकी एक इन्सुलेशन सापडतं. सर्वांत जुनं थर्माकोल, डांबरासारख्या गोंदाने चिकटवलेलं. यात मुंग्या आणि उंदीर पोखरून घर करतात आणि आग लागली तर ते टिकत नाही. ते सगळं काढायचं, चर्चा नको. दुसरं ग्लासवूल, वर फॉइल. फॉइलला एक भोक पडलं की तिथून ओली हवा आत शिरते, गार पत्र्यावर पाणी होतं आणि लोकरीत मुरतं. ओली ग्लासवूल कौलाखाली पुन्हा वाळत नाही, पोट सुटल्यासारखी खाली लोंबते. बोट दाबून पाणी आलं तर तो तुकडा गेला. तिसरं पातळ नायट्राइल. ते बहुतेक वेळा सांध्यांवर उघडलेलं असतं, बाकी ठीक असतं, आणि त्याच्यावर दुसरा थर चढवता येतो.

इन्सुलेशन तळाच्या बाजूने हातभर सोलून पत्रा पाहा. पांढरी भुकटी म्हणजे जस्त खर्ची पडतंय, ती पुसून रंग देता येतो. लाल गंज आणि स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर टोक आत गेलं, तर तो तुकडा बदला. गंज नेहमी तळाच्या पत्र्याला आधी येतो. वरून ठाकठीक दिसणारा डक्ट खालून चाळण झालेला असू शकतो, म्हणून वरून बघून निकाल देऊ नये. पाचापैकी एखादाच तुकडा गेला असेल तर दुरुस्ती. दोनाहून जास्त गेले असतील, किंवा मूळ मापच चुकलं असेल, तर पूर्ण बदललेला स्वस्त पडतो. मजुरी आणि माळ्यावरची कसरत दोन्हीला सारखीच लागते.

फ्लेक्सिबल पाइपचं बाहेरचं आवरण तडकलं असेल तर त्याला टेप लावत बसू नका. तो तसाही फक्त शेवटच्या दीड-दोन मीटरला वापरायचा असतो. अख्ख्या घरात फ्लेक्सिबल फिरवलेला दिसला, की खोलीत हवा का येत नाही ते कळलं.

माळ्यावर कुठे जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना ग्राइंडर लावू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

रिटर्न

गार हवा नेणाऱ्या डक्टकडे सगळे बघतात, परत येणाऱ्या हवेकडे कुणी नाही. आणि खरी लूट तिथे असते. सप्लायचा जोड गळला तर गार हवा वाया जाते, इतकंच. रिटर्न गळला तर ब्लोअर, म्हणजे मशीनचा पंखा, माळ्यावरची ओली हवा ओढून घेतो.

साडेपाच टनांच्या मशीनला साधारण २००० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. तिच्यातली दहा टक्के रिटर्नच्या फटींतून आली असं धरा. २००० पैकी २००. पावसाळ्यात या २०० सीएफएमबरोबर तासाला चार लिटरांहून जास्त जादा पाणी कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवर, येतं. ते पाणी काढायला आणि ती हवा गार करायला जवळजवळ एक टन खर्ची पडतो. साडेपाचाचं बिल भरायचं आणि साडेचारचं काम घ्यायचं, वर खोली दमटच. चामड्याच्या चपलांवर बुरशी येते ती याच दमटपणामुळे.

काही घरांत रिटर्नचा डक्ट मुळात नसतोच. तक्तपोशीत ग्रिल बसवलेली असते आणि मशीन माळ्यावरच्या मोकळ्या हवेतूनच श्वास घेतं. फ्लॅटमध्ये हे चालतं. कौलाखाली हा गुन्हा आहे. बाकी कशाला पैसे पुरले नाहीत तरी ग्रिलपासून मशीनपर्यंत बंद रिटर्न डक्ट आधी करा.

गळती शोधायला महागडं यंत्र नको. फक्त फॅन चालू ठेवा, उदबत्ती पेटवा आणि जोडांच्या कडेने हळूहळू फिरवा. सप्लायवर धूर बाहेर ढकलला जातो, रिटर्नवर आत ओढला जातो. प्रत्येक गळक्या जागी खडूने फुली मारा. मशीन आणि डक्टमधला कॅनव्हासचा जोड विसरू नका. तो कुजतो, त्याला इन्सुलेशन कुणी करत नाही, आणि पावसाळ्यात भिजलेल्या फडक्यासारखा गळतो. तो आगरोधक, इन्सुलेशन असलेल्या कापडाचाच बदलून घ्यावा.

नवा डक्ट: मापं

साळ (बैठकीची मोठी खोली) आणि तीन झोपायच्या खोल्या, मिळून साडेपाच टन, असं घर धरू. टनाला ४०० सीएफएम हा पाठ केलेला आकडा. गोव्याच्या दमटाईत ३५० ते ३६० वर राहिलं तर हवा कॉइलवर जास्त वेळ थांबते आणि पाणी जास्त निघतं. म्हणून एकूण २००० सीएफएम. प्रत्येक खोलीला ३००, उरलेले ११०० साळीला.

मुख्य डक्टमध्ये हवेचा वेग मिनिटाला १००० फुटांच्या आत हवा. २००० भागिले १०००, म्हणजे किमान २ चौरस फूट छेद. ६०० बाय ३५० मिमीचा डक्ट सव्वादोन चौरस फुटांचा होतो, वेग ९०० च्या खाली, आवाज नाही. मुख्य डक्टमधून खोलीकडे जाणाऱ्या फांदीला वेग ६०० धरला तर अर्धा चौरस फूट, म्हणजे ३०० बाय १५० मिमी, किंवा २५० मिमीचा गोल. प्रत्येक फांदी सुटल्यावर मुख्य डक्ट बारीक होत गेला पाहिजे, नाहीतर शेवटच्या खोलीत वारा पोचत नाही.

फ्लॅटच्या सवयीने डक्ट पसरट करतात, ९०० बाय १५०. पत्रा जास्त, घर्षण जास्त, इन्सुलेशन जास्त, हवा कमी. रुंदी उंचीच्या चौपटीच्या वर जाऊ देऊ नका. कौलारू माळ्यावर तर पसरट करायचं कारणच नाही, आढ्याखाली हवी तेवढी उंची असते. मुख्य डक्ट आढ्याच्या रेषेत न्या. दोन्ही बाजूंनी हात पोचतो, आणि कौलं परतणाऱ्याच्या हातून सुटलेला कौलाचा तुकडा त्याच्यावर थेट पडत नाही. डक्ट आणि वाशांमध्ये किमान ३०० मिमी मोकळे ठेवा. सुताराला उद्या वासा बदलायचा असेल तर त्याने डक्ट कापू नये.

पत्र्याची जाडी आय.एस. ६५५ या भारतीय मानकात दिलेली आहे: ७५० मिमीपर्यंतच्या बाजूला ०.६३ मिमी म्हणजे २४ गेज, त्यापुढे १५०० पर्यंत ०.८० म्हणजे २२ गेज. आलेला पत्रा तोलून बघा. २४ गेजचा एक चौरस मीटर ५ किलोंच्या आसपास भरतो, २६ गेजचा ४. बिलात चोवीस आणि टेम्पोत सव्वीस हे फार जुनं गणित आहे. जस्ताचा लेप साधारणपणे चौरस मीटरला १२० ग्रॅम असतो. घर समुद्राच्या वाऱ्यात असेल तर २७५ ग्रॅमचा मागा.

आठ मीटरच्या मुख्य डक्टचा हिशेब असा. परिघ १.९ मीटर, म्हणजे पत्रा १५.२ चौरस मीटर, कापण्यात आणि घडीत जाणारा धरून १७. वजन फ्लॅंजसकट नव्वद किलोंच्या आसपास. ३२ मिमी इन्सुलेशनचा बाहेरचा परिघ २.१६ मीटर होतो, म्हणजे १७.३ चौरस मीटर, तूट धरून १९. हा बाहेरचा परिघ धरायला विसरतात आणि मग शेवटचा मीटरभर डक्ट कातरणांनी झाकतात. तिथेच गळतो.

टांगायचं कशाला

इन्सुलेशनसकट डक्ट मीटरला १४-१५ किलो भरतो. तो रिपांना टांगू नका, वाशांनाही नाही. वासे कौलांचं वजन पेलायला आहेत, आणि वाळवीने आतून खाल्लेला वासा बाहेरून शाबूत दिसतो. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर सुताराला बोलवा. डक्टचा भार तुळईवर किंवा भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकलेल्या लोखंडी चॅनलवर द्यावा, दर दोन मीटरला एक आधार.

चॅनल भिंतीत बसवताना काँक्रीटचे फास्टनर वापरू नका. जांभ्या चिऱ्यात ते ठोकून फुगवले की चिरा फुटतो, नाहीतर भोकातली माती सुटून फास्टनर निखळतो. चॅनलची टोकं भिंतीच्या माथ्यावर टेकवणं सगळ्यांत उत्तम. ते जमत नसेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवायचा बोल्ट. माळ्यावर वेल्डिंग अजिबात नको, नट-बोल्टच. वाळलेल्या सागवानावर, उंदरांनी जमवलेल्या कचऱ्याशेजारी, एक ठिणगी पुरते.

डक्ट जिथे आधारावर बसतो तिथे पत्रा लोखंडाला टेकता कामा नये. टेकला तर गारवा लोखंडातून बाहेर येतो आणि रॉडवरून पाणी ओघळतं. इन्सुलेशनच्याच जाडीचा लाकडी किंवा कडक फोमचा ठोकळा मध्ये घाला. वीस रुपयांची गोष्ट, पण राहून जाते.

कधी, आणि वर कसं न्यायचं

काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये. आधी कौलं परतून घ्या, मग वाळवीचं औषध, मग डक्ट. उलटं केलंत तर कौलवाला नव्या इन्सुलेशनवर पाय देऊन जाईल. त्याची चूक नसते, त्याला दुसरीकडे पाय द्यायला जागाच नसते.

माळ्याची झडप बहुधा दोन बाय दोन फुटांची, आणि जुनी तक्तपोशी कापायला कुणाचा हात धजत नाही. धजू पण नये. इथे कौलारू छप्पर कामाला येतं. मंगळुरी कौल उचललं की निघतं. चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं. एका पाखीवरची वीसेक कौलं उतरवा, मधल्या दोन-तीन रिपा खिळे काढून सोडवा, आणि डक्टचे तुकडे छपरातूनच आत घ्या. त्यासाठी ऑर्डर द्यायच्या आधी दोन वाशांमधली मोकळी जागा मोजा. ती ४४० मिमी असेल तर ३५० उंचीचा, इन्सुलेशनसकट ४१४ भरणारा तुकडा आडवा जाईल, ४०० चा नाही. नसेल जात तर डक्टचे इंग्रजी एल आकाराचे दोन अर्धे भाग आणून वर लॉक ठोकून जोडता येतात. डक्टवाले टेम्पोत जागा वाचवायला असे अर्धे भाग नेहमीच आणतात. उतरवलेल्या रिपांवर नंबर घाला.

वर गेल्यावर डक्टच्या माथ्याला हात पोचत नाही, म्हणून अख्ख्या तुकड्यांना इन्सुलेशन अंगणातच लावून घ्यावं. मात्र दोन्ही टोकांना १०० मिमी पत्रा उघडा ठेवा. जोड घट्ट करून, उदबत्तीची परीक्षा झाल्यावरच त्या पट्ट्या झाकायच्या. आधीच झाकलेला गळका जोड परत कुणी उघडत नाही.

जोड आणि रबर

फ्लॅंजमध्ये ४ ते ६ मिमी जाडीचं गॅस्केट (फट बुजवणारी मऊ पट्टी) सलग हवं, कोपऱ्यात तुटलेलं नको. बोल्ट १०० ते १५० मिमी अंतराने. चारही कोपऱ्यांना आणि लांबीच्या लॉकला (पत्र्याच्या घडीच्या सांध्याला) डक्टचं सीलंट बोटाने दाबून भरायचं. कापडी टेपला लोक डक्ट टेप म्हणतात खरं, पण कौलाखालच्या उन्हात तिचा गोंद एक-दोन उन्हाळ्यांत सुटतो. टेप लागलीच तर ब्यूटाइलची किंवा जाड ॲल्युमिनियमची, आणि तीही सीलंटवरून. सीलंटऐवजी चालणार नाही.

रबर लावायच्या आधी पत्रा पुसून कोरडा करा, तेल राहू देऊ नका. गोंद दोन्ही पृष्ठभागांना, पातळ आणि सगळीकडे. ठिपके ठेवले तर मध्ये पोकळी राहते, आणि एका ठिकाणी ओली हवा शिरली की ती पोकळ्यांतून मीटरभर प्रवास करते. बोट लावल्यावर चिकटतो पण ओढला जात नाही, अशा वेळी दाबायचं. रबर ताणून लावू नका. ताणलेलं रबर आकसतं आणि सांधा उघडतो. मीटरला ५ मिमी जास्तच कापा आणि दाबून बसवा, म्हणजे सांधा एकमेकांना रेटून धरतो. ३२ मिमी एकाच थरात मिळत नसेल तर १९ वर १३, पण वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये.

फ्लॅंज बाहेर डोकावतो, तिथे रबर पातळ होतं. तिथे वेगळी पट्टी, दोन्ही बाजूंना किमान ५० मिमी पुढे जाईल अशी, पूर्ण चिकटवून. सुरुवातीला सांगितलेला तो लोंबता थेंब इथलाच. डँपरच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) दांड्याला, ग्रिलच्या मागच्या पेटीलाही इन्सुलेशन लागतं. ग्रिलची पेटी सोडून दिली तर तक्तपोशीच्या वरच्या अंगाला पाणी बसतं, आणि रंगवलेल्या फळ्या वाकायला लागल्यावर कळतं.

उंदरांसाठी पागोळीकडच्या फटींना ६ मिमीपेक्षा बारीक, गंज न लागणारी जाळी मारा. जाळीच. प्लास्टिक नको, फोम नको. कौलांच्या खालून फवारलेला फोम वाशांचा वारा बंद करतो आणि लाकूड आतल्या आत कुजतं.

ड्रेन

साडेपाच टनांचं मशीन पावसाळ्यात तासाला आठ-दहा लिटर पाणी काढतं. हवेच्या वाटेत ब्लोअर कॉइलच्या पुढे असतो, त्यामुळे ट्रेमध्ये ओढ असते. ड्रेनला पाण्याचा यू-ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारा यू आकाराचा बाक, नसेल तर हवा पाइपमधून वर चढते आणि पाणी ट्रेमध्येच अडवून धरते. मशीन बंद केलं की ते सगळं एकदम उसळतं. एसी बंद केल्यावरच गळतं, अशी तक्रार असली की ट्रॅप बघा. पाण्याची खोली किमान ५० मिमी, पाइप ३२ मिमीचा, उतार मीटरला १० मिमी, आणि पूर्ण लांबीला इन्सुलेशन. मशीनखाली दुसरा सुटा ट्रे ठेवा, त्यात फ्लोट स्विच, पाणी चढलं की मशीन बंद. लाकडी तक्तपोशीच्या वर हा ट्रे ऐच्छिक समजू नका.

बरेच दिवस एसी बंद राहिला की ट्रॅपमधलं पाणी सुकतं. पुन्हा लावण्याआधी तांब्याभर पाणी ओता.

ग्रिल कुठे

साळीतल्या ग्रिलची जागा डक्टवाला खोलीचा मध्य धरून ठरवतो. पण ज्या घरात गणेश चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर पानं-फळं टांगलेली लाकडी चौकट, बांधतात, तिथे माटोळीची जागा आधीच ठरलेली असते. तिच्यावर वारा आला तर पानं-फळं दुसऱ्या दिवशी सुकतात आणि खालची समई काही केल्या स्थिर राहत नाही. देवघरासमोरही तेच. हे नकाशावर आधीच दाखवून द्या. ग्रिल नंतर सरकवायची म्हणजे तक्तपोशीत दुसरं भोक.

सगळं बसल्यावर प्रत्येक ग्रिलवर वाऱ्याचा वेग मोजून डँपर लावावेत, ठरलेल्या सीएफएमच्या दहा टक्के मागेपुढे चालेल. खोल्यांची जुनी दारं जड आणि घट्ट. ती बंद केली की हवा परत यायला वाट उरत नाही, म्हणून दाराखाली पुरेशी फट किंवा वर जाळी हवी.

खरं सांगायचं तर प्रत्येक घराला डक्ट लागत नाही. दोनच खोल्या आणि त्याही रात्रीपुरत्या गार करायच्या असतील, तर गळका डक्ट काढून टाका आणि दोन स्प्लिट लावा. माळ्यावर फक्त तांब्याची नळी जाईल. साळ मोठी असेल, भिंतीवर मशीन टांगणं नकोसं वाटत असेल किंवा घरात पाहुणे ठेवत असाल, तर डक्टला पर्याय कमी.

पहिली परीक्षा जून-जुलैच्या पावसाळी रात्रीच घ्यायची. २४ अंशांवर चार तास चालवा, फॅन ऑटोवर. सतत चालू ठेवला तर कॉम्प्रेसर थांबल्यावर कॉइलवरचं पाणी उडून पुन्हा खोलीत येतं. मशीनच्या तोंडाशी आणि सर्वांत लांबच्या ग्रिलवर थर्मामीटर धरा. दोन अंशांपर्यंतचा फरक ठीक, तीनच्या वर गेला तर मधे कुठेतरी जोड राहिलाय. मग माळ्यावर जाऊन कोरड्या हाताने डक्टचा तळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाचपा. फ्लॅंज, आधाराचे ठोकळे, कॅनव्हास, ग्रिलच्या पेट्या, या क्रमाने. जिथे तळवा ओला होईल तिथे खडूची फुली, आणि उघडीप पडल्यावर तेवढाच भाग सोलून पुन्हा.